दोलबोंगचे दोन दगड

मला डोंगर आवडत नाहीत. कोरियातल्या आमच्या देजॉन शहरात हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय नाही. रविवार उजाडला की आमच्या इमारतीतली सत्तरीपुढची मंडळी झगझगीत जाकिटं घालून, दोन हातांत दोन काठ्या आणि पिशवीत लग्नघराला पुरेल एवढी काकडी घेऊन डोंगरावर निघतात. मी त्या वेळी पायजम्यात कचरा वेगळा करायला खाली आलेला असतो. लिफ्टपाशी गाठ पडली की विचारतात, "काय ग्वाकसाहेब, आज डोंगर नाही वाटतं?" मी म्हणतो, "गुडघा." गेली नऊ वर्षं माझा गुडघा दुखतोय. कधी डावा, कधी उजवा. कोणी टिपून ठेवलेलं नाही म्हणून आजवर निभावलं.

अशा माणसाच्या घरी एका सोमवारी संध्याकाळी शाळेतून फोन आला. माझ्या मुलीच्या, ईसलच्या वर्गशिक्षिका, बोंगबाई. आवाज असा गोड की बोलणं संपेपर्यंत काय बोलल्या ते कळत नाही.

"ईसलचे बाबा ना? अहो, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आपली दुसरीची मुलं दोलबोंगच्या डोंगरावर जाणार आहेत. ईसलची आम्ही खास सोय केलीय. ती त्या दिवशी वाचनालयात बसेल. ऐकायची पुस्तकं आहेत, खाऊ आहे, सोबतीला एक ताई आहे. अगदी आरामात!"

"फार आभारी आहे," मी म्हणालो.

यात माझा दोष नाही. मी बॉयलरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. ऐन थंडीत ज्यांच्या घरचं गरम पाणी बंद पडतं त्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि आभार मानून फोन ठेवायचा, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव. तोंड आपोआप चालतं. फोन ठेवून वळलो तर ईसल जेवणाच्या टेबलापाशी चाकाच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ईसल आठ वर्षांची आहे. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय तिचं ऐकत नाहीत, हात मनात आलं तर ऐकतात आणि शब्द एकेक करून सवडीने बाहेर पडतात. पण जो पडतो तो लागायचा तिथेच लागतो. या बाबतीत ती आईवर गेलीय.

"बाबा," ती म्हणाली, "आभार... कशाचे?"

"सोय केलीय ना गं त्यांनी तुझी."

"मी... सगळ्यांना सांगितलंय. मी येणार. वरच्या... दगडाला हात लावणार."

आमच्याकडे प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर एक उभा दगड असतो. त्यावर डोंगराचं नाव आणि उंची कोरलेली. त्याला हात लावून फोटो काढला की तुम्ही डोंगर चढलात. नाही काढला, तर घरी झोपून राहिला असतात तरी चाललं असतं. ईसलच्या वर्गातली बाकीची सगळी मुलं आईबापांबरोबर कधी ना कधी त्या दगडापाशी जाऊन आली होती. वर्गात मागच्या भिंतीवर तेवीस फोटो होते. मुलं चोवीस.

माझ्या बायकोने, सोल्हीने, शाळेला उलटा फोन लावला. ती नंबर फिरवायला लागली तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलो, कारण काही प्रसंगी पुरुषाने समोर असू नये. कपडे संपले, मग मी ते काढून पुन्हा वाळत घातले. आत आलो तेव्हा फोन उपमुख्याध्यापक नामगुंगसरांपर्यंत पोचून संपलाही होता.

"सर म्हणाले, आमची ना नाही, पण सुरक्षिततेचा प्रश्न आहे," सोल्ही म्हणाली. "म्हणाले, तुम्ही आधी एकदा वरपर्यंत नेऊन दाखवा. ती दगडापाशी उभी असल्याचा फोटो आणा, मग बघू."

"म्हणजे नाहीच म्हणाले."

"अहो, ते नाही म्हणाले असते तर मी अजून फोनवर असते. शनिवारी जायचंय."

सरांना वाटलं असणार, बोलून टाकू, प्रकरण मिटेल. त्यांना माझी बायको माहीत नव्हती. मला माहीत होती.

मंगळवार सकाळपर्यंत ही बातमी पंधराच्या पंधरा मजल्यांवर गेली. लिफ्टमध्ये महिला मंडळाच्या अध्यक्षा प्योकाकूंनी मला कोपऱ्यात गाठलं.

"एवढं तोंड पाडायला काय झालं? नगरपालिकेने तो नवा लाकडी रस्ता केलाय ना, चाकाच्या खुर्च्यांसाठी? अर्ध्या डोंगरापर्यंत जातो. शेवटी सज्जा आहे आणि सज्ज्यावर हुबेहूब वरच्यासारखा दगड बसवलाय! तोच आकार, तीच अक्षरं, उंचीसुद्धा वरचीच कोरलीय. ज्यांना वर जमत नाही त्यांनी तिथे फोटो काढायचा. माझ्या नणंदेने ऑपरेशननंतर काढला आणि अख्ख्या माहेराला पाठवला. कोणाला पत्ता लागला नाही!"

खोटं कशाला बोलू, मला ही सूचना मनापासून आवडली. इतकी माणुसकी आमच्या नगरपालिकेत असेल असं वाटलं नव्हतं. रात्री जेवताना मी विषय हळूच काढला. सोल्ही सूप ढवळत राहिली. ईसल माझ्याकडे बघत राहिली.

"तो... खोटा आहे."

"खोटा नाही गं. दुसरा आहे."

"मग... वरची उंची... खाली का लिहिलीय?"

याचं उत्तर आमच्या तक्रार विभागाच्या पुस्तकातही नाही. आमचा धाकटा, मारू, पाच वर्षांचा, त्याने घास तसाच ठेवून विचारलं, "खोटा दगड आतून प्लॅस्टिकचा असतो का?" त्याला गप्प बसवण्यात माझी अब्रू थोडी वाचली.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी मुलांना पाठीवर न्यायची पिशवी आणायला गेलो. दुकानदाराने सहा प्रकार दाखवले. सगळ्यांची मर्यादा वीस किलोच्या आत. ईसल बावीस किलोची. "दोन किलो कमी करता येईल का?" असं त्याने विचारलं, त्यावर मी त्याला काही बोललो नाही, हा माझ्या नोकरीचा संस्कार. पण तो माणूस हुशार. त्याने मला बूट, वाऱ्याचं जाकीट, टोपी आणि घडीच्या दोन काठ्या विकल्या.

"मुलीची सोय करायला गेला होतात," सोल्ही म्हणाली, "स्वतःची करून आलात."

गुरुवारी सासरेबुवा आले. ओक्चॉनहून बसने आले आणि बसच्या सामानाच्या कप्प्यातून जिगे घेऊन उतरले. जिगे म्हणजे दोन दुबेळकी लाकडं जोडून केलेला ओझ्याचा सांगाडा. खांद्यांना गवताचे पट्टे, मागे फांद्या पुढे आलेल्या, त्यावर ओझं ठेवायचं. टेकवून उभा करायला एक काठी. सासरेबुवांनी तरुणपणी त्यावर सरपण वाहिलं. आता तो त्यांच्या पडवीत लसणाच्या माळा टांगायच्या कामाला होता, त्यामुळे आमच्या घराला चार दिवस लसणाचा वास होता.

"कारखान्यातल्या पिशवीला मर्यादा असते," सासरेबुवा म्हणाले. "याला मर्यादा नसते. माणसाला असते. कोण उचलणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मारूनेसुद्धा.

त्यांनी गाडीतली मारूची खुर्ची काढून जिगेवर बांधली. "माझी खुर्ची!" म्हणून मारूने जमिनीवर लोळण घेतली. मग पाय ठेवायला फळी ठोकली, छातीला आणि कमरेला पट्टे लावले. ईसलच्या व्यायामाच्या बाई संध्याकाळी येऊन सगळं ओढून-ताणून बघून गेल्या. त्यांनी एकच अट घातली. दर वीस मिनिटांनी थांबायचं, तिला उतरवून पाय मोकळे करायचे. वेळ बघायचं काम मारूला दिलं, तेव्हा कुठे तो जमिनीवरून उठला.

शुक्रवारी माझी तालीम. जिगेवर वीस किलोची तांदळाची गोणी, वर दोन कलिंगडं, आणि जिन्याने पंधरा मजले. "एक गुडघा खाली, पट्टे खांद्यात, काठी रोवा, आता उठा! मान वर, जावईबापू! ओझ्याला कळता कामा नये की तुम्ही घाबरलाय." सहाव्या मजल्यावर माझ्या तोंडाला फेस आला. नवव्यावर प्रत्येक घराच्या भिंतीतल्या स्पीकरवरून व्यवस्थापन कार्यालयाची घोषणा झाली.

"रहिवाशांना सूचना. इमारत एकशे तीनमधले एक रहिवासी पूर्वसूचना न देता जिन्यावरून घर हलवत आहेत. कृपया त्यांनी ताबडतोब थांबावं."

मी ताबडतोब थांबलो. मला तेच हवं होतं. पण सासरेबुवांनी पुढे हाकललं, आणि अकराव्या मजल्यावर प्योकाकू डोळ्यांना पदर लावल्यासारखा रुमाल लावून उभ्या. "चाललात? एका शब्दाने सांगितलं नाहीत? नऊ वर्षांचा शेजार!" मी धापा टाकत सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना, आणि त्यांना वाटलं मलाही भरून आलंय. त्यांनी घरातून मुळ्याच्या लोणच्याचा डबा आणून तो कलिंगडांच्या वर ठेवला. सासरेबुवा म्हणाले, "चांगलं झालं. दीड किलो वाढलं."

शनिवारी सकाळी पायथ्याशी पोचलो तेव्हा डोंगर धुक्यात होता. दोलबोंग चारशे शहाऐंशी मीटरचा. इथली माणसं त्याला डोंगर म्हणत नाहीत, जेवणानंतरची शतपावली म्हणतात. त्यांनी तो मोकळ्या पाठीने पाहिलाय.

लाकडी रस्त्याने ईसल आपल्या चाकाच्या खुर्चीतून आली. सज्ज्यावर तो दगड होता. प्योकाकूंनी सांगितलं होतं तसा, अगदी देखणा. शेजारी बाक, पाण्याचा नळ, फोटोसाठी जमिनीवर रंगवलेली दोन पावलं. माझं मन डळमळलं. मी सोल्हीकडे पाहिलं. सोल्ही म्हणाली, "एक शब्द काढू नका."

ईसलने खुर्ची दगडाजवळ न्यायला सांगितली. मग दगडाभोवती पूर्ण एक फेरी मारायला लावली आणि हात टेकत, चाचपत तो सगळीकडून पाहिला. मारूने बुक्की मारून पाहिली आणि हात चोळत म्हणाला, "ताई, आतूनपण दगडच आहे."

"पुढे," ईसल म्हणाली.

चाकाची खुर्ची कठड्याला कुलूप लावून ठेवली. ईसलच्या डोक्यावर मारूचं सायकलचं हेल्मेट, अंगावर पट्टे. मी एक गुडघा टेकला, काठी रोवली आणि उठलो. उठलो! आजूबाजूच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. ते पुढच्या तीस पायऱ्या टिकलं.

जिगेची एक गंमत मला तालमीत कळली नव्हती, कारण कलिंगडं बोलत नाहीत. जिगेवर बसलेल्याचं तोंड मागे असतं. मला फक्त माझे बूट दिसत होते आणि माझ्या पाठीमागे माझ्या मुलीने दरबार भरवला होता. डोंगरावर येणारा प्रत्येक माणूस तिच्या समोर येत होता आणि ती त्याच्याशी बोलत होती. मला फक्त ऐकू येत होतं.

"हे... माझे बाबा," पाठीमागून आवाज. "नाही. हमाल नाहीत. ऑफिसात... असतात."

"अगंबाई!" एका म्हातारीचा आवाज. "मग जमेल का गं त्यांना?"

"बघू."

थोड्या वेळाने, "तो आवाज... त्यांचाच. नाही, आजारी नाहीत... असाच श्वास घेतात."

मी मान वळवू शकत नव्हतो. ज्यांचं तोंड दिसत नाही अशा लोकांपुढे आपली किंमत होत असलेली ऐकणं म्हणजे काय, हे माझ्या गिऱ्हाइकांना कळायला हवं. वर ती म्हातारी मंडळी तिला खायला घालत होती. काकडी, उकडलेलं अंडं, किंबापच्या, म्हणजे भाताच्या सुरळीच्या, चकत्या, परत काकडी.

"ईसल, पुरे आता!" मी ओरडलो. "सगळं मलाच वाहायचंय!"

"अहो, खाऊ द्या की लेकराला," मागून चार आवाज एकदम आले. म्हणजे चौघीजणी होत्या तर. सासरेबुवा शेजारून चालत म्हणाले, "मी पन्नास किलो सरपण नेत असे. पण सरपणाला लोक अंडी देत नसत, हे खरं."

मारूला घड्याळ कळत नव्हतं, हे आम्ही विसरलो होतो. त्याचे पाय दुखले की तो "वीस मिनिटं!" म्हणून ओरडायचा. पहिली वीस मिनिटं सहा मिनिटांत झाली. दुसरी चारात. मी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. थांबलो की जिगे काठीवर टेकवायचा, ईसलला उतरवायचं, सोल्ही तिचे पाय हळूहळू मोकळे करायची आणि मी झाडाला धरून उभा राहायचो. खाली उतरणारे लोक जाताजाता सांगायचे, "आलंच आता! दहा मिनिटं!" तासाभराने दुसरे भेटले, तेही म्हणाले दहा मिनिटं.

मग तो चढ आला. प्रत्येक डोंगरावर एक चढ असतो ज्याला सगळे 'धापेचा चढ' म्हणतात. दोलबोंगचा धापेचा चढ म्हणजे उभा खडक, बाजूने दोर, धुक्याने ओला. सासरेबुवांनी तिथे सगळा ताबा घेतला. सोल्ही जिगेच्या खाली हात लावून, ते स्वतः डाव्या बाजूला, आणि त्या चार म्हाताऱ्या मारूला मध्ये घेऊन मागे.

"डावा पाय! टेकला? आता उजवा! मान वर!"

अकरावं पाऊल टाकलं आणि माझा बूट सटकला. नवा, दुकानदाराने 'हा सटकूच शकत नाही' म्हणून दिलेला. मी गुडघ्यावर आपटलो, दोर हातात होता म्हणून तिथेच थांबलो. जिगे एका बाजूला कलला. पट्टे धरून राहिले, सासरेबुवा आणि सोल्हीने लाकूड धरलं. मागे काही पडल्याचा आवाज झाला नाही, एवढंच मला समजलं.

पाठीमागचा दरबार गप्प होता. ईसल गप्प होती. तिला असं गप्प मी ऐकलं नव्हतं.

"ईसल? लागलं का बाळा?"

"...नाही."

"घाबरलीस?"

"...हो."

"आपण परत जाऊ. हं? कोणी काही म्हणणार नाही. मी सांगतो ना सरांना." हे मी तिच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. मी प्रचंड घाबरलो होतो.

ती उत्तर जुळवत होती. खाली दोराला धरून पंधरा-वीस माणसं खोळंबली होती आणि त्या सगळ्यांनी तिचं बोलणं पुरं होईपर्यंत वाट पाहिली.

"घाबरले... म्हणजे... परत जायचं... असं कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. गुडघ्यातून रक्त येत होतं. उजवा. मी तो टेकलेलाच होता, त्यावरूनच उठलो. सासरेबुवा या वेळी मान वर म्हणाले नाहीत. पुढच्या चढावर सोल्ही खालून पाऊल मोजत होती आणि तिचा आवाज चिडल्यासारखा येत होता. ती रडायच्या बेतात असली की तिचा आवाज तसाच येतो.

वर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की माथा आला हे मला चढ संपल्यावरून कळलं. दगड होता. आणि दगडासमोर फोटोसाठी तीस एक माणसांची रांग होती.

आम्हाला पाहून रांग दुभंगली. "या, या! पुढे या! आधी लेकरू!" म्हाताऱ्या तर मला ढकलायलाच लागल्या. माझे खांदे उतरून हातात यायचे राहिले होते. मी कृतज्ञतेने पुढे निघालो.

"बाबा... थांबा. रांग आहे ना?"

"अगं, ते स्वतःहून म्हणतायत."

"वर्गात पण... म्हणतात. मला... रांगेत उभं राहायचंय."

तीस माणसांचा चांगुलपणा नाकारणं सोपं नसतं. एक गृहस्थ तर रागावलेच, म्हणाले, "आम्हाला वाईट वाटतं हो!" ईसलने त्यांना सांगितलं, "थोडा वेळ... वाटू द्या." आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो. चाळीस मिनिटं, मध्ये दोनदा जिगे टेकवून तिचे पाय मोकळे करत. पुढचे लोक भराभर फोटो काढून आमच्यासाठी घाई करत होते आणि आपला फोटो झाल्यावर खाली न उतरता तिथेच थांबत होते.

आमचा नंबर आला. पट्टे सोडले. मी एका बाजूने, सोल्ही दुसऱ्या बाजूने धरून तिला दगडापाशी नेलं. तिने दोन्ही हात दगडाला लावले, एक हात वळसा घालून मागे नेला, अंग टेकवलं, पाय थरथरत होते.

"सोडा."

सोल्हीने सोडलं. मला जमेना. "बाबा," ती म्हणाली. मी सोडलं.

ती उभी राहिली. कोणीतरी मोजायला लागलं आणि मग सगळेच मोजायला लागले. नऊ, दहा, अकरा. सोल्ही फोटो काढत होती, म्हणून सगळे मोजता मोजता सौजन्याने मागे सरकत फोटोच्या बाहेर गेले. एकवीसवर तिचे पाय वाकले आणि मी तिला झेललं. मला रडू कोसळलं. बावीस किलोची मुलगी हातात घेऊन मी तीस अनोळखी माणसांपुढे हमसून हमसून रडलो. कोणीतरी माझ्या तोंडात काकडी घातली.

सोमवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. नामगुंगसर सभ्य गृहस्थ, पांढरा शर्ट, टेबलावर एक कागद तिरका नाही. बोंगबाई बाजूला उभ्या होत्या. सोल्हीने फोटो पुढे ठेवला. दगड, दगडाला धरून उभी ईसल आणि मागे पांढरं फटक धुकं. ना माणूस, ना झाड, ना आभाळ.

"वा!" सर म्हणाले. "सज्ज्यावरचा ना हा? फार छान सोय केलीय. मी तर म्हणतो, शुक्रवारी वाचनालयाऐवजी ईसलला सज्ज्यापर्यंत आणू या."

"हा वरचा आहे," सोल्ही म्हणाली.

"असेल, असेल. पण फोटोवरून कसं ठरवणार? मला वर उत्तर द्यावं लागतं हो."

तीस माणसांनी बाजूला होऊन आमचा सगळा पुरावा पुसून टाकला होता. मी "क्षमस्व" म्हणालो. माझ्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून शर्टाची बटणं सोडली आणि सरांना खांदे दाखवले. दोन्हीकडे दुखणं ओढणाऱ्या पट्ट्या, खाली काळेनिळे वळ, वर लसणाचा वास.

"अहो, अहो," सर उठून उभे राहिले, "हे डॉक्टरांना दाखवा."

"सर," ईसल म्हणाली. सर बसले. मी बटणं लावायला लागलो, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत सगळी लावून झाली. "वरच्या दगडाला... मागे तडा आहे. बोट जातं. खालच्याला... नाही. मी... दोन्ही पाहिले."

सरांनी बोंगबाईंकडे पाहिलं. ते स्वतः दर वर्षी खालीच बसून हजेरी घेतात, वर कधी गेले नव्हते.

"आहे, सर," बोंगबाई म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज बसला होता. "पाठच्या बाजूला आहे. समोरून दिसत नाही."

"त्यात... बोट अडकवलं," ईसल म्हणाली, "म्हणून... उभी राहिले."

हे आम्हालाही माहीत नव्हतं. सोल्हीने तिचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला. तर्जनीच्या पेराला सालटं गेलं होतं. दोन दिवस आम्ही माझ्या खांद्यांना मलम लावत होतो, ते बोट कोणी पाहिलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली.

सरांनी खणातून सहलीचा फॉर्म काढला आणि स्वतःच भरायला घेतला. "वाहनाचा प्रकार" या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "जिगे असं लिहिलं तर वरून विचारणा होईल," ते पुटपुटले आणि त्यांनी "बाबा" असं लिहिलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "इथे पालकांची सही."

"जाणार... मी आहे," ईसल म्हणाली.

सरांनी फॉर्म तिच्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन दिलं. तिने दुखरं बोट वर धरून पेन पकडलं. कागद सरकायला लागला तसा सरांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. चार मिनिटं लागली. बाहेर घंटा झाली, मुलं ओरडत पळाली, दारात कोणीतरी डोकावून गेलं, सर हलले नाहीत. सहीच्या चौकोनात तिचं आडनाव कसंबसं मावलं. नाव रेघ ओलांडून शेजारच्या 'उपमुख्याध्यापकांचा शेरा' या रकान्यात गेलं आणि तो सगळा भरून टाकला. सरांना काही लिहायला जागाच उरली नाही.